दोन फिक्या निळ्या पट्ट्या

चौऱ्याऐंशी साली मी राजूर सोडलं, तेव्हा माझी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवून खाली उतरलेल्या अण्णांच्या नखांत अजून चुना होता. दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते, तरी तो निघाला नव्हता. मी नाशिकला नर्सिंगच्या ट्रेनिंगला निघाले होते. आमच्या भावकीत पोरीला एवढ्या लांब कुणी धाडलं नव्हतं, त्यातून दवाखान्यातल्या कामासाठी, म्हणून दोन चुलत्यांनी अण्णांशी बोलणं टाकलं होतं. माय स्टँडवर आलीच नाही. "जाय, पण माघारी बघू नको, मला रडू येईल," असं ती घरूनच म्हणाली आणि ते म्हणतानाच रडत होती.

गाडी सुरू झाली तसं मी खिडकीतून म्हटलं, "अण्णा, जाते."

"येते म्हण," अण्णा म्हणाले. "खोली हाय तुझी इथं."

हे खोलीचं प्रकरण आधी सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरून झाला. आमचं घर मातीचं, वर धाबं, आत तीन खोल्या आणि पुढे ओसरी. दिवाळीच्या आधी अण्णा स्वतः घराला चुना द्यायचे. चुना नुसता दिला तर भिंत पिवळट दिसते, म्हणून त्यात नीळ घालतात. फडक्यात बांधलेली निळीची पुरचुंडी चुन्यात बुचकळायची की झालं. हे गावात सगळ्यांकडेच चालायचं. आमच्याकडे त्यापुढे एक गोष्ट होती. अण्णा दोन तांब्यांत चुना घ्यायचे. एकात पुरचुंडी एकदा बुचकळायचे, दुसऱ्यात दोनदा, आणि खोलीच्या दाराआड तळहाताएवढे दोन पट्टे ओढायचे. ओला चुना गडद दिसतो, वाळला की फिका पडतो, म्हणून पट्टे दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच ठेवायचे. मग ज्याची खोली असेल त्याला बोलवायचं आणि म्हणायचं, "बोट ठेव." ज्या पट्ट्यावर बोट पडलं तो रंग. स्वयंपाकाच्या खोलीत मायचं बोट, मधल्या खोलीत अण्णांचं, आणि उगवतीच्या लहान खोलीत माझं. माझा भाऊ विलास माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. तो अण्णांजवळ ओसरीवर झोपायचा, आणि ओसरीचा रंग अण्णाच ठरवायचे.

खरं सांगू का, त्या दोन पट्ट्यांत फरक शोधूनही सापडायचा नाही. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर दोन्ही सारखेच म्हणून मी मोकळी झाले असते. पण अण्णा हातात कुंचा घेऊन थांबलेले असायचे, घरातलं सगळं काम माझ्या बोटासाठी अडलेलं असायचं, आणि मी मुद्दाम वेळ लावायचे. आमच्या घरात रंग विचारला म्हणजे खोली तुमची. हे कुणी मला बसवून शिकवलं नव्हतं, पण नावागावासारखं डोक्यात पक्कं होतं. निघायच्या त्या वर्षीही त्यांनी पट्टे ओढले. मी म्हटलं, "अण्णा, मी तर चालले." तर म्हणाले, "तू चालली. खोली कुठं चालली?" आणि बोट ठेवायला लावलं.

जालन्याहून मनमाडपर्यंत तेव्हा छोटी गाडी होती, मीटर गेजची. ती इतकी हळू जायची की ज्वारीची ताटं मोजता आली असती. मनमाडला गाडी बदलून मी नाशिक रोडला उतरले आणि होस्टेलच्या हिरव्या भिंतींत राहायला गेले. कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर पांढरा. दवाखान्यातही तोच, मेसमध्येही तोच. मी "येऊन राह्यले" म्हटलं की बरोबरच्या मुली हसायच्या, म्हणून मी "येतेय" म्हणायला शिकले. सुट्टीत घरी गेल्यावर "येतेय" म्हटलं की माय हसायची. दोन्हीकडे आपलं हसूच, असं मला वाटायचं. पण हसून झालं की माय म्हणायची, "जाय, खोलीत पड जरा," आणि मग मला बरं वाटायचं.

एका दिवाळीला ड्यूटी लागली आणि मला जाता आलं नाही. तेव्हा अण्णांनी पोस्टकार्ड पाठवलं. मजकूर दोनच ओळींचा, आणि खाली चुन्याचे दोन पट्टे ओढलेले! कार्ड नाशिकला पोचेपर्यंत चुना झडून गेला होता आणि दोन मळकट डाग तेवढे राहिले होते. मी ते डाग वॉर्डच्या खिडकीत धरून पाहिले, डोळे बारीक करून पाहिले, आणि शेवटी उत्तर धाडलं, 'उजवा.' त्या वर्षी उजवा लागला. पुढे नव्वद साली माझं लग्न झालं. आमचे हे सातपूरला एका कारखान्यात लेथवर होते. भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही संसार मांडला, त्यांच्या भिंती पिस्त्याच्या रंगाच्या होत्या, तो घरमालकाला आवडायचा म्हणून. लग्नानंतरही दिवाळीच्या आधी अण्णांचं कार्ड यायचं. यांना त्याची फार गंमत वाटायची. "तुमच्याकडे जावयाला विचारत नाहीत आणि भिंतीला विचारतात," असं म्हणायचे.

पंच्याण्णव साली अण्णा गेले. कार्डं थांबली. विलास शेती बघायचा, त्याचं लग्न झालं होतं, मंगल भावजय म्हणून घरात आली होती, माय तिच्या हाताखाली गेली होती. मी वर्षातून दोनदा जायचे, उगवतीच्या खोलीत झोपायचे. खोलीत आता कापसाची गाठोडी आणि खताची पोती असायची, पण मी आले की मंगल ती बाहेर काढायची आणि मी गेले की परत आत ठेवायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी नसताना खोली रिकामी कशाला ठेवायची? मग धाबं गळायला लागलं म्हणून विलासने जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात त्याचं पाकीट आलं. विलास मला बाई म्हणतो. पत्र मी अजून जपून ठेवलंय, म्हणून जसंच्या तसं देते.

'ती. बाईस, सा. न. घराचं काम स्लॅबपर्यंत आलं. खोल्या होत्या तशाच काढल्या आहेत. उगवतीच्या खोलीला निळा द्यायचा आहे. पेंटरकडून दोन पट्ट्या घेऊन सोबत पाठवल्या आहेत. कोणता ते तूच कळव. तुला विचारल्याशिवाय डबा उघडू नको म्हणून पेंटरला सांगितलं आहे. भोकरदनला एका कागदावर सही लागते, ते आलीस की बोलू.'

सहीचं वाक्य मी वाचलं नाही असं नाही. वाचलं. पण ते फळविक्याच्या हाकेसारखं निघून गेलं. पाकिटात शेड कार्डातून कापलेल्या दोन पट्ट्या होत्या, बोटभर लांबीच्या, दोन्ही फिक्या निळ्या, आणि त्या बघून माझ्या डोळ्यांना धार लागली. अण्णा गेल्यावर पाच वर्षांनी मला कुणीतरी विचारलं होतं.

पुढचे आठ दिवस मी आमच्या घरात आणि वॉर्डात सगळ्यांचं डोकं खाल्लं. एक पट्टी अगदीच फिकी, दुधात निळीचं बोट बुडवल्यासारखी. दुसरी तिच्याहून जराशी गडद, आणि उन्हात धरली की किंचित राखेकडे झुकणारी. ट्यूबलाइटखाली मात्र दोघी जुळ्या. मी त्या बांगड्यांच्या डबीत ठेवायचे, उठल्यावर काढायचे, ओट्यामागे चिकटवून पाहायचे. माझ्याबरोबरची केरळची सिस्टर म्हणाली, "दोनों सेम है, सिस्टर, सो जाओ." यांनी तर पट्ट्यांची अदलाबदल करून माझी परीक्षा घेतली आणि मी नापास झाले. तरी माझं चालूच. बाई, असू दे की थोडं खूळ, असं मी स्वतःला म्हणायचे. इतक्या वर्षांत मला कोणी जेवायला काय करू एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

मला हवी होती ती फिकी. आणि मी निवडली गडद. कारण चुन्याची सवय! ओला रंग गडद दिसतो आणि वाळला की उतरतो, हे माझ्या हाडात बसलेलं. फिका मागितला तर वाळून पांढराच दिसेल, म्हणून गडद मागायचा, म्हणजे मनासारखा फिका मिळेल, असा मी हिशेब केला. कार्डावरचा रंग आधीच वाळलेला असतो आणि डब्यातला रंग चुन्यासारखा उतरत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. एसटीडी बूथवरून मी गावातल्या किराणा दुकानात फोन लावला, विलासला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "गडद."

"बराबर," तो म्हणाला. "मंग ये जल्दी. तो कागद राह्यला."

जूनमध्ये गेले. घर उभं राहिलं होतं, गिलावा ओला होता. मी चपला काढून उगवतीच्या खोलीत शिरले. रस्त्याकडच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठं भगदाड होतं आणि त्याला बाहेरून पत्रे ठोकले होते. आमच्या घरावरून गणपतीच्या देवळाचा रस्ता जातो, चतुर्थीला तिथे मुंगीला वाट मिळत नाही.

"हे रं काय?" मी विचारलं.

"खिडकी," विलास म्हणाला. "मोठी काढली. तुला नाशकात हवा भेटत न्हाई म्हणत होती ना."

माय मागे उभी होती. ती पत्र्यांकडे बघत होती. मी मात्र हरखून गेले, पदराने माप घेतलं आणि आठ फुटांची खिडकी म्हणून सगळ्यांना हसत सांगत सुटले. दुपारी आम्ही भोकरदनला तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने कागद नीट वाचून दाखवला, दोनदा वाचला, आणि मला विचारलं, "ताई, समजलं ना? शेतात, घरात तुमचा हक्क राहणार नाही." मी हो म्हटलं. मला समजलं होतं. हक्कसोड म्हणजे काय हे न कळण्याइतकी मी अडाणी नाही, आणि त्या कारकुनाला बोल लावायला मला जागा नाही. पण कागदावरून नाव गेलं म्हणून खोली जाते असं मला वाटलंच नाही. घराची रीत कागदाहून जुनी, असं मी धरून चालले. सही करताना माझ्या मनात पडद्याचं कापड होतं.

ते कापड मी नाशिकला मेनरोडवर तीन दुकानं हिंडून घेतलं. पांढऱ्यावर बारीक निळी फुलं. आठ फुटांच्या पडद्याला एका कापडाची रुंदी पुरेना, म्हणून दोन पाट जोडून शिवला, मधली शिवण दिसू नये म्हणून फूल फुलाला जुळवलं. दिवाळीत भाऊबीजेला तो पिशवीत घालून मी निघाले. तोवर मोठी गाडी झाली होती, मनमाडला बदलायची गरज नव्हती, आणि तरी मला ती हळू चाललीय असं वाटत होतं.

राजूरला उतरून देवळाच्या रस्त्याला लागले, तर आमच्या घरासमोर गर्दी. पत्रे निघाले होते आणि तिथे शटर होतं, वर गुंडाळलेलं. वर पाटी, 'नारळ, हार, प्रसाद साहित्य'. आत फळ्या, फळ्यांवर नारळांची उतरंड, कुंकवाचे पुडे, गुळाच्या भेल्या, आणि त्या सगळ्याच्या मागे माझा निळा. चांगला गडद लागला होता, जराही उतरला नव्हता. विलास गल्ल्यावर बसला होता. मी रस्त्यात उभी राहून बघतच राहिले. मागून एका बाईने मला खांद्याने सरकवलं आणि म्हणाली, "सरका की बाई, आमाला नारळ घ्यायचाय."

विलासने मला पाहिलं. "आली का बाई? ये ना, आतून ये."

"माझी खोली कुठंय?"

"हीच की," तो म्हणाला, आणि नारळाचे पैसे घेत घेत हाताने भिंत दाखवली. "रंग बघ. तू सांगितला तोच दिला. बिलकुल बदल केला न्हाई."

आणि ते खरं होतं. रंगाच्या बाबतीत माझ्या भावाने मला फसवलं नाही.

ओवाळलं मी त्याला. ताटात त्याने साडी टाकली, ती घेतली. जेवणं झाल्यावर मंगल दुकानावर बसली तेव्हा मी त्याला गाठलं. म्हटलं, "आपल्या घरात रंग इचारला म्हणजे काय असतं, हे तुला माहीत होतं ना?"

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल, कुठे एवढं ध्यानात राहतं म्हणेल. मीसुद्धा ते मान्य करून टाकलं असतं. पण विलासला खोटं फक्त खिडकीपुरतंच जमलं होतं.

"माहीत होतं म्हणून तर इचारलं," तो म्हणाला. "दुसरं काई इचारलं असतं तर तू सही केली असती का?" मग म्हणाला, "अण्णांनी तुला दर साली इचारलं. तू नाशकात होती तर कार्डाला चुना फासून इचारलं. मी इथंच राबून राह्यलो, बाई. मला एकदाबी कुणी म्हणलं न्हाई, बोट ठेव."

ओसरीवर झोपणाऱ्याला कधी विचारलं गेलं नाही, हे अण्णांचं चुकलंच. पण विलास, तू हे वाचशील म्हणून लिहिते, तुला शेत मिळालं, घर मिळालं, रस्ता मिळाला. ते तू माझ्याकडे सरळ मागितलं असतंस तर मी भांडले असते, रडले असते, आणि बहुतेक दिलंही असतं. तू अण्णांचा आवाज काढून मागितलंस. मला राग त्याचा आहे आणि तो गेलेला नाही.

मायजवळ जाऊन बसले तर ती गहू निवडत होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मला वाटलं, तुला समजलं असंल. सगळ्याच पोरी सही करतात. मीबी अंगठा दिल्ता माझ्या भावाला." तिच्या बोलण्यात गुन्हा केल्याचा भाव नव्हता, लपवल्याचाही नव्हता. पत्र्यांमागे काय होणार हे तिला जूनमध्येच माहीत होतं, आणि मी पदराने खिडकी मोजत होते तेव्हा ती बघत उभी होती. विलासपेक्षा मला हे जास्त लागलं. मी नोकरी करते, पगार आणते, म्हणून मी इतर पोरींहून वेगळी आहे असं मला वाटायचं. मायला तसं कधीच वाटलं नव्हतं.

पडदा मी पिशवीतून बाहेर काढला नाही. नाशिकला आल्यावर यांनी विचारलं, "बसला का पडदा?" मी म्हटलं, "खिडकी लहान निघाली." ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग चहा ठेवायला उठले.

माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या बाया हे वाचतील, त्यांना मी शहाणपण शिकवणार नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी सही केली असेल आणि तुमच्या भावांनी खोली ठेवलीही असेल. माझ्या भावाने सही झाल्यावर माझ्याशी बोलणं तोडलं नाही की येऊ नको म्हटलं नाही. बोलावतो, साडी घेतो, आंबे धाडतो. लोकांना सांगण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

मधे आम्ही नाशकात स्वतःचा फ्लॅट घेतला. पेंटर जाडजूड कार्ड घेऊन आला आणि विचारू लागला, मॅडम, बेडरूमला कोणता? मी म्हटलं, यांना विचारा. यांनी क्रीम सांगितला, तो बरा आहे, मळत नाही फारसा. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी याच फ्लॅटचा पत्ता सांगते. लाइट बिल इथलं, रेशन कार्ड इथलं, आजारी पडले तर इथेच पडते. तरी फॉर्मवर 'मूळ गाव' लिहायची वेळ आली की पेन थोडं थांबतं आणि मग राजूरच लिहितं.

दर दिवाळीला मी चार दिवसांची रजा टाकते. भाऊबीजेला सकाळी राजूरला पोचते, ओवाळते, मायचे पाय चेपते, आणि ड्यूटी आहे असं सांगून संध्याकाळच्या गाडीला बसते. बाकीचे दिवस मी फ्लॅटमध्ये दार लावून काढते. फोन वाजला तर उचलत नाही, वॉर्डातलं कुणी बघेल म्हणून गॅलरीतही जात नाही, कारण माझ्या सांगण्यावरून तिकडे सगळ्यांना वाटत असतं की सिस्टर चार दिवस माहेरी गेल्यात.